रानात नेण्यासाठी एकच सुरी

माझ्या उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर आतल्या बाजूने एक आडवा व्रण आहे. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. थंडीच्या दिवसांत तिथं अजूनही बधिर लागतं. ज्या चाकूने तो झाला तो चार वर्षं माझ्या पाठपिशवीत होता. चांगल्या दुकानातून घेतलेला, मिटता, खटक्याचा. त्या चार वर्षांत त्याने काकड्या, पाव आणि दोरीची टोकं यांपलीकडे काही कापलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की रानात लागतो तो चाकू माझ्याकडे आहे.

2019 चा ऑक्टोबर. परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी मी, माझी मैत्रीण आणि माझा धाकटा भाऊ असे तिघं तोरण्यामागच्या सिंगापूर गावातून नाळेने खाली दापोलीला उतरत होतो. ही दापोली रायगड जिल्ह्यातली, लिंगाण्याच्या शेजारची. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या बेचक्यातली, धोंड्यांनी भरलेली घळ. कोरडी असली तर उतरणं कष्टाचं पण सोपं. त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, धोंडे ओले झाले आणि मैत्रिणीचा पाय शेवाळावरून सटकला. घोट्याच्या वरचं हाड मोडल्याचा आवाज मला चार पावलांवरून ऐकू आला.

पाय हलू नये म्हणून दोन सरळ काठ्या बांधायच्या होत्या. घळीच्या कडेला कारवी माजलेली होती. अंगठ्याहून जाड असा एक दांडा वाकवून धरला, चाकू त्यात दाबला. पातं अर्ध्यात अडकलं. सोडवायला म्हणून मी ते डावी-उजवीकडे हलवलं आणि खटका सुटला. पातं माझ्याच बोटावर मिटलं. त्यानंतर त्या हाताने मूठ धरता येईना. भावाने कारवी पायाखाली धरली, पिळून पिळून मोडली. टोकं चिरफाळलेली होती, ती मैत्रिणीच्या मांडीला टोचत होती आणि ती काही बोलत नव्हती.

अंधार पडायच्या आत भाऊ विजेरी घेऊन खाली गावाकडे गेला. आम्ही दोघी एका कपारीत बसलो. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत अगदी कोरडी होती. कपारीत वाहून आलेल्या फांद्याही होत्या, मनगटाएवढ्या, वरून भिजून काळ्या पडलेल्या. असल्या लाकडाच्या पोटात कोरडं लाकूड असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तिथवर पोचायला हत्यार नव्हतं. सबंध काडेपेटी संपली. मैत्रिणीचे दात वाजत होते, मी तिला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून मिठीत धरून बसले होते. ती रात्र मी इथं जास्त सांगत नाही.

पहाटे भाऊ गावातल्या चौघांना घेऊन वर आला. त्यांतले थोरले पन्नाशीचे असतील. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी, आकडीत कोयती. "ताई, सरका जरा," एवढंच म्हणाले आणि मेसाच्या बेटात शिरले. दोन घाव, एक बांबू. पुन्हा दोन घाव, फाटे साफ. घोंगडं बांधून डोली तयार व्हायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. साडेनऊला आम्ही खाली होतो, दुपारी महाडला मैत्रिणीच्या पायाला प्लास्टर आणि माझ्या बोटाला चार टाके.

घरी आल्यावर पहिलं काम मी हे केलं: भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं ऑक्टोबरचं पान फाडलं आणि त्याच्या मागं त्या रात्री आम्हाला काय काय कापायची गरज पडली ते लिहून काढलं. पॅंटचा पाय शिवणीवरून कापणं, तेही सुजलेल्या पायाला धक्का न लावता. कारवीच्या दोन काठ्या आणि त्यांची टोकं गुळगुळीत करणं. चादरीच्या पट्ट्या. दोरीचे तुकडे. भिजलेली फांदी उभी चिरून आतलं कोरडं लाकूड काढणं आणि त्याचे पातळ, कुरळे, पेट घेतील असे छिलके काढणं. बस, एवढंच. हातभर लांबीचं पातं लागेल असं त्यात काही नव्हतं. जनावराशी झुंजण्याचा तर प्रश्नच नव्हता. आजही कुणी मला विचारतं की रानासाठी कुठली सुरी घेऊ, तेव्हा मी आधी हे पान करायला सांगते. आपल्याला खरोखर पडलेल्या गरजांचं पान, मनातल्या रानाचं नव्हे.

बिजागरीचं काही नको, हे मात्र पानावर न लिहिताच ठरलं होतं. मिटता चाकू कितीही भारी असला तरी पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक सांधा असतो, आणि पिळ बसला की सगळा जोर त्या सांध्यावर येतो. म्हणून पातं आणि मुठीतलं शेपूट एकाच अखंड लोखंडाचं हवं, आणि ते शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असलं तर उत्तम. त्याच सुमारास भावाच्या एका मित्राकडे पोकळ मुठीची सुरी बघितली. मुठीच्या बुडाला होकायंत्र, आत गळ, सुई, काड्या. वाळक्या बाभळीच्या फांदीवर ठेवून वरून लाकडाने दुसरा ठोका मारला तेव्हा पातं मुठीपासून निघून गवतात पडलं. आत शेपूट बोटभरही नव्हतं.

एवढं कळूनही मी पहिली सुरी चुकीचीच घेतली. भीतीपोटी घेतली. एकदा हत्याराने दगा दिलेला होता, आता तुटणारच नाही असं काही हवं होतं. सहा मिलिमीटर जाड, सतरा सेंटिमीटर लांब पातं, पाठीला करवतीचे दात, म्यानासकट अर्ध्या किलोच्या वर. हातात घेतली की धीर यायचा.

भोर तालुक्यात माझ्या मामेभावाचं शेत आहे. बांधावर बाभळी, ऐन, जांभूळ, खाली ओढ्याकाठी चिवा. ती सुरी मी तिथं नेली. सुकी फांदी चिरायला ती ठीक होती, खरं सांगायचं तर पाचर म्हणून ठीक होती. छिलके काढायला घेतले तेव्हा पातं लाकडात शिरण्याऐवजी वरून उडायचं, नाहीतर एकदम खोल जाऊन सबंध ढलपी काढायचं. पाठीच्या दातांनी लाकूड कापलं जात नव्हतं, नुसतं खरवडत होतं, आणि पात्यावर ठोका मारायची वेळ आली की ठोकायचं लाकूडच त्या दातांनी कुरतडलं जायचं. संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात गाजर कापून पाहिलं. गाजर कापलं गेलं नाही, ते मधोमध तडकलं. त्या एका आवाजात मला सगळं कळलं. धार लागली होती, कागद कापत होती, पण धारेच्या मागचं पातं इतकं जाड होतं की ते कशातच शिरत नव्हतं. पुढच्या तीन ट्रेकना मी ती घरी ठेवली, कारण जड होती. जी सुरी घरी राहते तिच्या मजबुतीचं करायचं काय?

तिथून मी पात्याच्या आडव्या छेदाकडे बघायला शिकले. धारेचा कोन सगळे बघतात, पण धारेच्या वर बोटभर जागेत पातं किती बारीक होत जातं, ते कापणं ठरवतं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्यांचं नाव ऐकलं होतं, त्यांतली साधी कंपॅनियन एका मित्राकडून महिनाभर मागून घेतली. पातं दहा सेंटिमीटरच्या थोडं वर, जाडी अडीच मिलिमीटर, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान. तिची पाचर पात्याच्या मध्यापासून सरळ धारेपर्यंत उतरते, मध्ये दुसरा उतार नाही. लाकडावर ती रंध्यासारखी चालते. छिलके असे निघाले की मी थांबून बघत राहिले: काडीलाच चिकटलेले, टोकाशी गुंडाळलेले, पिसांच्या झुबक्यासारखे. धार लावायलाही सोपी, कारण तो एकच उतार दगडावर सपाट टेकवायचा, कोन मनाने धरावा लागत नाही.

मग तीच का नाही घेतली? घेतलीच होती जवळजवळ. दोन गोष्टी आड आल्या. तिचं शेपूट मुठीत पूर्ण उतरलेलं नसतं. मनगटाएवढ्या जांभळीच्या फांदीवर ठोकताना काही झालं नाही, पण नाळेतल्या त्या रात्रीनंतर माझ्या मनातून ती शंका जात नव्हती. आणि दुसरी मूठ. माझा पंजा लहान आहे. त्या मुठीवर माझी बोटं आणि तळवा यांच्यात जी पोकळी राहायची तिथं पाऊण तासात फोड येत होता. दुकानातल्या बहुतेक सुऱ्यांच्या मुठी मोठ्या पंजाच्या मापाने केलेल्या असतात. बायकांनी सुरी घेताना मूठ वळून बघावी, बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. याबद्दल कुणी बोलत नाही.

लोखंडाचा विचार याच महिन्यात झाला. न गंजणारं स्टील की साधं, जास्त कार्बनचं? मामेभावाकडे जुलैचा एक आठवडा दोन्ही प्रकारच्या सुऱ्या ओसरीवर टांगून ठेवल्या. साध्या लोखंडावर दुसऱ्याच सकाळी तांबूस ठिपके. चामड्याच्या म्यानात ठेवलेली तर टोकापासून मुठीपर्यंत गंजली. कातडं ओल धरून ठेवतं, ते पावसाळ्यात म्यान म्हणून नको, हे तेव्हाच ठरलं. न गंजणारी स्वच्छ राहिली. तरीही मी साध्या लोखंडाकडे वळले, कारण धार. कडक, महागड्या मिश्र स्टीलची धार टिकते खूप, पण एकदा गेली की ओढ्यातल्या दगडावर परत येत नाही, तिला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. मी जिथं जाते तिथं ओढा आणि दगड हमखास असतो. गंजाचा उपाय खोबरेल आहे. कैरी किंवा लिंबू चार-सहा वेळा कापलं की पात्यावर करडा-निळसर थर चढतो आणि मग तांबूस गंज बराच कमी धरतो. माझ्या आजीची विळी अशीच काळीभोर होती आणि चाळीस वर्षं टिकली.

कायद्याचं मी आधीच बघायला हवं होतं, पण बघितलं उशिरा. ते इथं लिहिते, कारण बऱ्याच ट्रेकर मंडळींना हे माहीत नसतं. शस्त्रांच्या 1959 च्या कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. मला हवी तशी सुरी याच्या जवळपास निम्मीच होती. पण शहरात पोलिसांचे जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाखाली, आणि त्यात सुऱ्याही असतात. म्हणून सुरी म्यानात, म्यान कापडात, कापड पिशवीच्या तळाशी. एसटीत, लोकलमध्ये ती कमरेला लावायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं 31 वं कलम सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू-सुरी आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही तेच लागू. हरिश्चंद्रगड, रतनगड, भीमाशंकर, वासोटा, आपण उठसूट जातो ती निम्मी ठिकाणं अभयारण्यांत आहेत. वाचल्यावर मला वाईट वाटलं, आणि पाच मिनिटांनी पटलंही. ज्या रानात फासे लावणारे, भेकरं मारणारे शिरतात, तिथल्या रक्षकाने माझ्या कमरेची सुरी बघून मला वेगळं कसं ओळखायचं? तेव्हापासून अभयारण्यात मी ती नेत नाही. तिथं काठ्या घरून नेते, पट्टीसारखी वळणारी फोमची खपाची नेते, कात्री प्रथमोपचाराच्या डब्यात असते. राखीव जंगलात विस्तव पेटवायलाही बंदी आहे. म्हणजे ही सुरी उरते ती बाकीच्या वाटांसाठी, आणि तिथंही जीवावर बेतलं तरच हिरव्या फांदीला लावायची. एरवी मेलेलं लाकूड.

आता लोहाराकडे येते. अकोले तालुक्यातल्या एका आठवडे बाजारात घिसाडी नवरा-बायको पाल ठोकून बसतात. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी. मी पुठ्ठ्यावर सुरी काढून नेली होती: पातं साडेअकरा सेंटिमीटर, पाठ सरळ, टोक मध्यापेक्षा थोडं खाली उतरलेलं, मूठ माझ्या पंजाच्या मापाने. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट केला.

"कशाला पायजे, ताई?"

"रानात न्यायला."

"मंग कोयता घ्या की. ह्यो बघा, बाभळीच्या मुठीचा."

"दादा, पिशवीत मावायला हवं. आणि बारीक कामालाही चालायला हवं. कपडा कापायचा, काडी तासायची."

त्यांनी पुठ्ठा बायकोकडे दिला. तिने बघितला आणि म्हणाली, "जाड नगं करूस. बाईमाणसाच्या हाताची हाय." मी त्यांना नाळेतल्या रात्रीचं काही सांगितलं नव्हतं.

ट्रकच्या कमानीचा पाटा त्यांनी ढिगातून उचलला. मधला, भोकाजवळचा भाग घेतला नाही. तिथं बारीक चिरा असतात म्हणाले, दिसत नाहीत पण पाणी दिलं, म्हणजे तापलेलं लोखंड कडक व्हायला एकदम गार केलं, की उघडतात. टोकाकडचा वीतभर तुकडा छिन्नीने तोडला. भात्याच्या जागी आता विजेवरचा पंखा आहे, बाकी सगळं जुनंच. सांडशी त्यांच्या हातात, घण बायकोच्या. ते छोट्या हातोडीने ऐरणीवर जिथं टिचकी द्यायचे तिथंच पुढचा घण पडायचा, बोटभरही इकडंतिकडं नाही. दोघं एक शब्द बोलत नव्हते. दहा मिलिमीटरचा पाटा साडेतीनवर आला तेव्हा त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

कानशीने उतार काढून झाल्यावर पाणी द्यायची वेळ आली. हे मला अगदी जवळून बघायचं होतं. घरून मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नेलं होतं, कारण वाचलं होतं की लोखंड 770 अंशांच्या आसपास तापलं की चुंबकाला चिकटत नाही, आणि पाणी देण्याची वेळ त्याच्या थोडी पुढं असते. दादांना चुंबक नको होतं. त्यांनी पालाची कनात ओढून अंधार केला, पातं विस्तवात हळूहळू पुढं-मागं केलं आणि म्हणाले, "पळसाच्या फुलाचा रंग येऊ द्या." काळपट तांबडं, मग तांबडं, मग खरंच पळसासारखं केशरी. त्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा मी चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही.

धारेकडची अर्धी रुंदी तेवढी त्यांनी जळक्या ऑइलमध्ये बुडवली. ऑइल चुरचुरलं, धूर आला. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून पातं उजळ केलं आणि माझ्यापुढं धरलं. "आता बघत ऱ्हावा." पाठीत उरलेली धग धारेकडे सरकत होती आणि तिच्यासोबत रंग. आधी पाठीजवळ फिकट पिवळा, मग तो पुढं सरकला आणि मागं तपकिरी आला, त्याच्यामागं जांभळा, शेवटी पाठ निळी झाली. पिवळी रेघ धारेला टेकली त्या क्षणी सबंध पातं पाण्यात. निळ्यावर लोखंड लवचिक होतं, पिवळ्यावर कडक राहतं. म्हणजे ठोके सोसायला पाठ आणि कापायला धार, एकाच पात्यात. त्यांनी धारेवर कानस ओढली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पाठीवर ओढली, तिथं चावली.

घडवून घेतलेली पहिली सुरी फुकट गेली हेही सांगायला हवं. त्याआधीच्या महिन्यात मी दुसऱ्या एका लोहाराकडून अशीच करून घेतली होती. त्याने लालबुंद पातं सरळ गार पाण्यात घातलं आणि रंग उतरवलाच नाही. ती भयंकर कडक झाली होती, आठ दिवस मी खूश होते. मग बाभळीच्या गाठीवर धारेचा नखाएवढा तुकडा उडाला. म्हणून आता कुणाकडे करून घेताना मी एकच विचारते, पाणी दिल्यावर रंग किती उतरवता. जो कारागीर या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो त्याच्याकडे थांबावं.

मूठ बाभळीची, दोन फळ्या, तीन पितळी रिव्हेट. शेपूट मुठीच्या बुडापर्यंत, कडेने लोखंडाची रेघ दिसते. मुठीच्या पुढं बोट धारेवर घसरू नये म्हणून थोडा उंचवटा ठेवून घेतला. पाठीची कड मी घरी कानशीने काटकोनात, चांगली करकरीत केली, कारण ठिणगीच्या कांडीवर (घासली की ठिणग्या पडणारी धातूची कांडी) घासायला गोल पाठ चालत नाही आणि धारेने घासली तर धार मरते. म्यान प्लास्टिकच्या जाड पाइपचं: पाइप चिरला, गरम करून सपाट केला, पात्यावर दाबून वळवला, खाली पाणी निथळायला भोक. सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या आत.

त्यानंतरचा जुलै. मामेभावाच्या शेतात, दोन दिवसांच्या सततच्या पावसात, मी मुद्दाम रात्री बाहेर पडले. घर दोनशे पावलांवर होतं, पण मनात कपार होती. जमिनीवरचं लाकूड घेतलं नाही, ते पार चिंब असतं. जांभळीवरच वाळून अडकलेली, मनगटाएवढी एक फांदी काढली. सुरी तिच्या टोकावर आडवी ठेवून दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोके मारले, फांदी उभी चिरली, मग त्याच्याही चार चिरफळ्या. आतलं लाकूड पांढरं, गालाला लावलं तर कोरडं. मग गुडघ्याशी हात टेकवून छिलके. कंपॅनियनने निघाले होते तेवढे सुरेख नाही निघाले, थोडे जाड निघाले, पण निघाले. हात साबणाच्या पाण्याने मुद्दाम भिजवले होते, मूठ फिरली नाही. ठिणग्या पाडल्या. पाचव्या की सहाव्या वेळी एका छिलक्याचं टोक लाल झालं, मी ओंजळ केली, फुंकलं, आणि आग धरली. छत्री बाजूला पडली होती. मी त्या जाळाजवळ बसून रडले. वहिनी ओसरीवरून हाका मारत होती, तिला वाटलं मला लागलं.

मैत्रिणीच्या घोट्यात अजून पट्टी आणि स्क्रू आहेत. 2022 च्या डिसेंबरात आम्ही तिघं परत त्या बाजूला गेलो, नाळेने नाही, खालून, गाडीने महाडकडून दापोलीला. त्या पहाटे डोली करणाऱ्या थोरल्या मामांसाठी नवं घोंगडं नेलं होतं, कारण त्यांचं डोलीत फाटलं होतं. चहा झाल्यावर मी सुरी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी मूठ वळली, मग अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मग उठून परसात गेले. कुडाच्या कडेला कारवीचा ढीग होता. एक दांडा उचलला, तिरका घाव घातला, दुसऱ्याचं टोक तासलं, तिसऱ्याला खाच पाडली. परत येऊन सुरी पदराला पुसावी तशी धोतराला पुसली आणि मुठीकडून माझ्यापुढं धरली.

"कारवीला बेस हाय, ताई. काडी बी झ्याक तासती. पर मेस तोडायला लागली तर हाका मारा, मी कोयती घिऊन येतो."

मैत्रिणीने त्यांना विचारलं, नाळेची वाट आता कशी आहे. ते म्हणाले, वरचा एक धोंडा यंदाच्या पावसात खाली आलाय, डाव्या अंगाने जावं लागतं. मग कोयतीने त्यांनी तिच्यासाठी एक काठी तोडली, फाटे काढले, आणि वरचं टोक माझ्या सुरीने गुळगुळीत करायला मला दिलं.